चाळलेली धूळ

समर्थनगर, औरंगाबाद
११ डिसेंबर १९७२

चि. विश्वजित यास आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर का झाला ते पुढे येईलच. आम्ही दोघं ठीक आहोत. नळाला दिवसाआड पाणी येतं. पिशोरकडच्या विहिरींनी तळ गाठला, पण शहराच्या ते गावीही नाही. चिकलठाण्याला रोज कारखान्याची नवी शेड उभी राहते आणि तुझे बाबा संध्याकाळी जाऊन त्या मोजून येतात.

तू चाचणीत पास झालास, जपानी साहेब तुझ्यापुढे कमरेत वाकले, हे बाबांनी अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं. तुमच्या नव्या मोटारीत पुढचीच चाकं गाडी ओढणार आणि तीच वळणार यात नवल काय, आमचे बैल आणखी काय करतात, असं मी लिहिलं होतं. तू चित्र काढून पाठवलंस तेव्हा समजलं. चाकाजवळचा सांधा ओढता ओढता वळतो, त्यातलं ग्रीस राखायला रबराची टोपी, आणि ती टोपी तू केलेली. ती फाटून आत कचकच गेली की सांधा संपला.

तिकडचे रस्ते धुतल्यासारखे, म्हणून चाचणीसाठी तू इकडची धूळ मागवली होतीस. शेजारचे ट्रकवाले नूरमोहम्मदभाई पिशोरच्या रस्त्यावरून पोतंभर घेऊन आले. पंधरा दिवसांपूर्वी ते चहाला आले होते.

"भाभी, आपल्या रस्त्याची धूळ खाऊन रबर टिकलं, म्हंजे लई मजबूत हाय."

मी म्हटलं, "एवढी चाळून पाठवली, टिकणारच."

त्यांनी कप खाली ठेवला. "चाळली? अवो, खडेच तर रबर फाडतात. नुसती धूळ काय करती?"

विशू, मी ती रव्याच्या चाळणीनं दोनदा चाळली होती. त्याच पार्सलात मेतकूट होतं, भाजणी होती. पोराला पाठवायच्या जिनसांत खडा जाता कामा नये, एवढंच डोक्यात. 'जशी असेल तशी पाठव' असं तू लिहिलं होतंस. मला वाटलं, आईला त्रास नको म्हणून लिहितोय.

त्याच दिवशी तुला कळवायला बसले आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. 'पास झालो, आता जूनमध्ये महिनाभर येतो.' तीन वर्षांनी. कोरा कागद तसाच घडी करून ठेवला. जपानात खडे कुठे आहेत, जाईल चालून, अशी पंधरा दिवस स्वतःची समजूत घातली. खरं कारण एकच, मला जून हवा होता.

काल बाबा म्हणाले, "ती गाडी पुढेमागे इकडंही येईल, मग आपण एक घेऊ." तेव्हापासून एकच डोळ्यांपुढे येतं. कुणाची तरी लेकरं त्या गाडीत असतील, ती ओसाड माळावर बंद पडेल, आणि लोक माझ्या मुलाच्या कामाला नावं ठेवतील. तसं नको रे.

पत्र मिळाल्याबरोबर साहेबांना सांग. लाज वाटली तर आईनं केलं म्हण, खोटं नाही ते. पुन्हा चाचणी होईल, टोपी फाटेल, तू नवी करशील आणि जून जाईल. जाऊ दे. मी रडेन, बाबा माझ्यावर चिडतील, तरी काम अर्धवट टाकून येऊ नकोस.

दुसरं पोतं आज पोस्टात दिलं. तोंड मीच शिवलं.

या खेपेला खडे घालून पाठवणारी,
तुझी आई