बत्तीस अंश, कुठल्या मापाचे?

सोलापूर, ९ मे १९३४

चि. वेणीमाधव यास आशीर्वाद.

दानम्माच्या नवऱ्याला, मल्लप्पाला, ओसरीवर बसवून लिहिते आहे. दिलेलं पाणी त्याच्यापुढे तसंच आहे. तू अकलूजला सासरी आंबे खातो आहेस. खा.

दानम्माचं लुगडं आणि डबा आणायला आज त्याच्याबरोबर तुमच्या गिरणीत गेले. ती कामाला होती त्या सुताच्या कांड्या भरण्याच्या खात्यात भिंतीवर तापमापक पाहिला. जुना, रेओमर मापाचा. त्यात पाणी शंभरावर नाही, ऐंशीवर उकळतं. पारा बत्तिसावर होता. म्हणजे चाळीस सेंटिग्रेड. निरपेक्ष मापात, दोनशे त्र्याहत्तर मिळवून, तीनशे तेरा.

गिरणीतल्या उष्म्याच्या चौकशीसाठी तू जाण्याआधी केलेल्या तक्त्यात तीनशे पाच आहेत. बत्तिसात सरळ दोनशे त्र्याहत्तर मिळवलेस. चूक असेल, असं फाटकापर्यंत स्वतःला सांगत आले. मग आठवलं. तक्ता दाखवताना तू हसला होतास. "ताई, तीनशेच्या आकड्यात आठ अंश कुणाला दिसतात?" मला थट्टा वाटली.

बी.एस्सी. झालास तू. चौकशीच्या साहेबाला चाळीस दिसू नयेत म्हणून निरपेक्ष माप काढलंस.

सोमवारी दानम्मा मुकादमाला म्हणाली, "जीव घाबरा हुतोय, भाईर जाऊ द्या की." तो म्हणाला, "बत्तीसच हाय न्हवं? तुला काय महाबळेश्वरला धाडू?" सगळे हसले. तीही हसली, असं मल्लप्पा सांगतो. मग कांड्यांच्या ढिगावर पडली.

काल तारेत 'दानम्मा अत्यवस्थ' लिहिलं. ती त्याआधीच गेली होती. अत्यवस्थ म्हटलं तर तू येशील, असं वाटलं. 'सवड नाही,' अशी तुझी उलट तार आली.

मल्लप्पा विचारतो, "बाई, सायेब आमचं ऐकंल व्हय? कागद तर गिरणीचाच हाय."

उद्या दहाला चौकशी. हे पत्र आत्ताच्या मोटारीने पाठवते. पहाटेच्या मोटारीने ये आणि तक्ता स्वतः दुरुस्त कर. नाहीतर मी बोलेन. मला थांबवायला आईचं नाव मध्ये आणू नकोस.

वाट न पाहणारी,
ताई

१० मे

तू आला नाहीस. सकाळी मी चौकशीत उभी राहून हिशेब सांगितला. तक्ता कुणी केला, असं साहेबांनी विचारलं. मी तुझं पूर्ण नाव सांगितलं. तो तुमचा कोण, असं विचारलं. तेही सांगितलं.

प्रेमला