एलुबीताई, तुला आमच्या गावात एका बकरीचा दंड झाला आहे

नाम्पेया,
ओल्या मक्याचे दिवस

तीर्थस्वरूप एलुबीताई,

धाकट्या मासाउत्सोचा दोन्ही गुडघे जमिनीला टेकून नमस्कार. इकडे मी, तुझी भावजय फालेसी आणि पोरंबाळं ठीक आहोत. तिकडे झोम्ब्याला दाजी आणि मुलंही ठीक असतील अशी आशा आहे. दाजींचा खोकला गेला का? नसेल गेला तर पेरूच्या पानांचा काढा दे, आणि काढा नको म्हणाले तर दोनदा दे. तुझ्या तब्येतीची मात्र मी चौकशी करत नाही, कारण तुला मी रोज बघतो. जरा वाळली आहेस. निळा पोशाख शोभतो, पण दर दोन वाक्यांनंतर घसा खाकरतेस तेवढं बंद कर, आमच्या आठवीतली सगळी पोरं हल्ली तशीच खाकरतात. (फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मधेमधे हसतेस, आणि ही हकिकत कुणी मधे हसलं तर पुढे सरकायची नाही.)

तर ताई, बातमी अशी की नाताळ झाल्यापासून तू आमच्या गावात राहायला आहेस. शाळेशेजारचं घर तुला दिलेलं आहे. आठवड्याला एक कोंबडी तुला लागू आहे. आणि गेल्या पंधरवड्यात तुला एका बकरीचा दंडही झाला आहे. यातलं तुला काहीच ठाऊक नसणार, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आमच्या शाळेतले गणिताचे गुरुजी काल्येरा (देव त्यांचं भलं करो, पण फार नको) शहरात सिमेंटच्या दुकानात हिशेब बघायला निघून गेले. आठवीच्या गणिताला उरलो मी. माझा विषय शेती. मक्यावरच्या अळीबद्दल विचार, मी दुपारपर्यंत बोलेन. पण दोन अपूर्णांकांची बेरीज म्हटली की मी दाराकडे बघायला लागतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही, कारण माझा गृहपाठ तूच करायचीस. गेल्या वर्षी आमच्या आठवीतलं एकही पोर गणितात पास झालं नाही. नापास झालं की आमच्याकडे पुढचं ठरलेलंच आहे: मुलाच्या हातात कुदळ आणि मुलीच्या पाठीवर दप्तराच्या जागी मूल. यंदाची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मला या पोरांची फार काळजी वाटते ताई. एरवी मी असं बोलून दाखवत नाही, पण पत्रात काय, तोंड दिसत नाही.

तेव्हा मला तुझी आठवण झाली. तू शिक्षकांच्या कॉलेजात शिकवतेस आणि वर तुझे गणिताचे धडे इंटरनेटवर फुकट टाकतेस, कुणीही घ्या, कुठेही दाखवा म्हणून. शाळेला कुणा संस्थेने दिलेला एक मोठा टॅब कपाटात धूळ खात पडला होता. तो घेऊन मी शाळेमागच्या वारुळावर चढलो (रेंज फक्त तिथेच येते) आणि सगळे अपूर्णांक उतरवून घेतले. तू म्हणतेस तुझे धडे फुकट आहेत. वारुळातल्या मुंग्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढचे दोन दिवस मी वर्गात उभ्यानेच शिकवलं.

उभं राहण्यावरून आठवलं. पहिल्या दिवशी टॅब टेबलावर मांडला, वर्ग दाटीवाटीने बसला, आणि तू पडद्यावर येऊन म्हणालीस, "नमस्कार मुलांनो, कसे आहात?" शंभरावर पोरं ताडकन उठली आणि एका सुरात म्हणाली, "आम्ही बरे आहोत मॅडम, तुम्ही कशा आहात?" यावर तू काय करावंस? तू घसा खाकरलास आणि थेट छेद-अंश सुरू केलेस! आता आपल्या पोरांची रीत तुला ठाऊक आहे. मॅडमने "मी बरी आहे, बसा" म्हटल्याशिवाय बसायचं नाही. मी म्हटलं, बसा रे. कुणी बसेना. पुढच्या बाकावरची यांखो म्हणाली, "सर, नमस्कार तुम्हाला नव्हता केला." बरोबरच होतं. सगळा धडा त्यांनी उभ्याने ऐकला आणि वह्या एकमेकांच्या पाठीवर ठेवून गणितं सोडवली. पण सोडवली, ताई! पाठीमागच्या भिंतीला टेकून झोपणारी पोरंसुद्धा सोडवायला लागली. (उभ्याने झोप येत नाही, हेही एक कारण असेल.)

इथवर सगळं छान होतं. पण गावात बातमी गेली की कुणी एक बाई रोज शाळेत शिकवते आणि अजून गावच्या प्रमुखांना भेटायला आलेली नाही. प्रमुख लिकुता म्हणजे काय चीज आहे हे तुला सांगायला नको, माझ्या लग्नात त्यांनी केवळ आपल्या गुडघ्याच्या दुखण्यावर किती वेळ भाषण केलं होतं ते आठव. आणि मी पडलो घरजावई. आपल्याकडे सगळेच पुरुष घरजावई, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण बायकोच्या गावात आवाज चढवायची सोय राहत नाही. मी हात जोडून म्हटलं, ती माझी बहीण, ती झोम्ब्याला असते, इथे नुसतं चित्र येतं. प्रमुख म्हणाले, "जावईबापू, मला खुळा समजता? माझ्याकडेही फोन आहे. बाई झोम्ब्याला आहे हे मला कळतं. पण शिकवायला इथे येते ना? मग भेटायला काय पाय दुखतात? पाय तर माझे दुखतात!"

झालं. फालेसीच्या नव्या कापडात गुंडाळून मी तुला प्रमुखांच्या ओसरीवर नेलं. प्रमुख आणि त्यांचे तीन सल्लागार बसले होते. प्रमुखांनी विचारलं, "बाई, घरचे सगळे बरे?" तू म्हणालीस, "चला, सुरुवात करू या." प्रमुखांनी विचारलं, "कुणाची लेक तू?" तू म्हणालीस, "समजा, एक केक आहे आणि तो चार जणांत सारखा वाटायचा आहे." प्रमुखांनी सल्लागार मोजले, मग स्वतःला मोजलं. "आपण चौघं आहोत हे हिला कुणी सांगितलं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात तू म्हणालीस, "शाब्बास! अगदी बरोबर." धाकटा सल्लागार पुटपुटला, "अजून कुणी उत्तर दिलंच नाही." मोठा म्हणाला, "मनातलं ओळखतात शिकलेल्या बायका." प्रमुख खूश झाले (त्यांना शाब्बास म्हणणारं गावात कुणी उरलेलं नाही, त्यांची आई वारल्यापासून), पण केक कुठे आहे ते त्यांनी मला निघेपर्यंत विचारलं आणि अजूनही विचारतात.

मग निघाला पैशांचा प्रश्न. मी सांगितलं, ती फुकट शिकवते. एवढं बोलायला नको होतं. प्रमुख म्हणाले, "फुकट? मग ती खाते काय?" गावाची अब्रू ती गावाची अब्रू. काल्येरा गुरुजींचं रिकामं घर बायकांनी दोन दिवसांत सारवून काढलं, ओसरीला काळ्या मातीचा हात दिला, दाराशी नवी केरसुणी ठेवली. त्या दिवसापासून तुझ्या नावाने भोपळे येतात, ओली कणसं येतात, सुकी मासळी येते आणि आठवड्याला एक कोंबडी येते. परत पाठवली तर आणणाऱ्याचा अपमान, म्हणून तुझ्या वतीने मी खातो. फालेसी म्हणते, "नणंद असावी तर अशी, घरात पाऊल न टाकता रस्सा वाढणारी." माझा पट्टा आता शेवटच्या भोकाला आला आहे. आणि वर्गात पोरं छेद सारखे करायला लागली होती, मला विचारल्याशिवाय! माझा जीव भांड्यात पडला होता.

आणि मग सितोलो आजोबा वारले. (देव त्यांना शांती देवो. माणूस चांगला, फक्त उसनी नेलेली कुऱ्हाड कधी परत देत नसे.) आपल्यात मयताला सगळं गाव जातं. जो दुसऱ्याच्या मयताला जात नाही, त्याच्या मयताला कोण येणार? मी जाऊन बसलो तर प्रमुखांचा माणूस कानाशी लागला: मॅडम कुठे आहेत? म्हटलं, शाळेच्या कपाटात. तो म्हणाला, "आजोबांच्या दोन नाती तिच्या वर्गात, आणि ती कपाटात?" मी धावत गेलो, तुला आणलं आणि बायकांत चटईवर, आजोबांची बायको एस्नातीआजी हिच्या शेजारी ठेवलं. आवाज बंद केला होता. म्हणजे, केला आहे असं मला वाटलं होतं. चर्चच्या पाळकांनी डोळे मिटून सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं, पानसुद्धा हलत नव्हतं, आणि कुणाचा तरी गुडघा पडद्याला लागला. तू घसा खाकरलास आणि खणखणीत आवाजात म्हणालीस, "आता यातून एक वजा करा. किती उरले?"

ताई, मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. तुझ्या धड्यात उत्तरासाठी जी जागा सोडलेली असते ती मला पूर्वी कधी एवढी लांब वाटली नव्हती. आणि मग एस्नातीआजी हलकेच म्हणाली, "दोघं होतो. एक उरले." आणि तू म्हणालीस, "शाब्बास! अगदी बरोबर."

आजीने तुला उचलून मांडीवर घेतलं आणि तेव्हा कुठे ती रडली. तोवर रडली नव्हती म्हणतात. नंतर मला म्हणाली, "सगळे येऊन देवाची मर्जी म्हणाले. या एकटीने मला विचारलं." मग इतर बायकाही तुझ्याभोवती गोळा झाल्या, तुझ्यापुढे पेज ठेवली गेली, प्रमुख स्वतः उठून तुला धन्यवाद द्यायला आले, आणि नेमक्या त्याच क्षणी पडदा काळा झाला. निरोप न घेता! मयताच्या घरून, प्रमुख समोर उभे असताना, "येते" असं न म्हणता! मी बॅटरी, बॅटरी म्हणून ओरडलो, पण मयतात बॅटरीचं कोण ऐकतो? बकरी दंड, आणि मॅडम स्वतःच्या तोंडाने माफी मागेपर्यंत धडे बंद. (बकरी मी दिली. तपकिरी होती, माझ्या आवडीची.)

तेव्हा ताई, माझं मागणं अगदी लहान आहे. तू एक छोटासा धडा बनव. त्यात प्रमुख लिकुतांना नावाने नमस्कार कर, गुडघ्याची चौकशी कर, उत्तराला जागा सोड, माफी माग आणि "येते" म्हण. एवढं झालं की पोरांचे अपूर्णांक पुन्हा सुरू होतील. परीक्षा जवळ आली आहे. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि काढ्याचं विसरू नकोस.

तुझा आज्ञाधारक (गृहपाठ सोडून),
मासाउत्सो

ता. क. गुडघ्याची चौकशी केल्यावर जागा भरपूर सोड. दोन्ही गुडघ्यांपुरती.

ता. क. खरं म्हणजे तो धडा बनवू नकोस. टॅबची बॅटरी संपलेली नव्हती. कुणी प्रेमाने तुला पेज भरवत होतं, ती आत गेली. मी टॅब उघडला, वाळवला, मक्याच्या पिठात पुरून ठेवला. आता त्यातून फक्त वास येतो. माझा फोन तळहाताएवढा, त्यावर शंभर पोरांना केकसुद्धा दिसायचा नाही. हे फालेसीशिवाय कुणालाच माहीत नाही.

ता. क. पोरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की मॅडम माहेरी गेल्या आहेत, शनिवारच्या मिनीबसने परत येतील. मग प्रमुखांनाही तेच सांगावं लागलं. त्यांनी तुझ्या स्वागताला ढोल सांगून ठेवले आहेत. तुझ्या घरात बकऱ्या शिरू नयेत म्हणून एस्नातीआजी तिथे झोपते, चूलही पेटती ठेवते. हे पत्र त्याच मिनीबसच्या ड्रायव्हरकडे दिलं आहे, त्यामुळे तू वाचत असशील तेव्हा शुक्रवार असेल. तुमच्या कॉलेजला शनिवारपासून महिनाभर सुट्टी आहे हे मी दाजींना आधीच विचारून घेतलं आहे. येताना एक केक आण, चार तुकडे तिकडेच करून आण.

ता. क. वर्गात आलीस की पहिल्यांदा "मी बरी आहे, बसा" म्हण. अपूर्णांक नंतर. पोरं नाताळापासून उभी आहेत.