दुखणं सांगायचं नाही

ईडन प्रेरी, मिनेसोटा
१८ नोव्हेंबर २००१

ती. बाबांस,
नंदाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून मी पुन्हा कागदाकडे वळले, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटतंय. साताऱ्याला सुशांतदादा, रुपालीवहिनी ठीक असतील.

कुशने आतापर्यंत किती गोल केले, असं तुम्ही विचारलंत. बाबा, एकही नाही. आइस हॉकीत तो बचावाला असतो, इथे त्याला डिफेन्समन म्हणतात. आपल्या गोलापुढे समोरच्याला अडवायचं आणि ती कडक रबराची चकती अंगावर घ्यावी लागली तरी घ्यायची. चौदा वर्षांचं पोर! पहिल्या मॅचला मी डोळे मिटून बसले होते. रवी मात्र बाकीच्या बापांबरोबर काचेवर थापा मारतो आणि सोमवारी बसलेल्या घशाने ऑफिसला जातो.

गणिताच्या मास्तरांना आवडेल असं एक सांगते. खेळाडू बर्फावर असताना आपला गोल झाला की त्याला अधिक एक, आपल्यावर झाला की उणे एक. कुश सध्या अधिक अकरा आहे.

माझ्यावरचा लोभही असाच अधिकच्या बाजूला राहू दे.
नंदा


ईडन प्रेरी
६ सप्टेंबर २००४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल कुशला सोडून आलो. सतरा वर्षांचा झाला, आणि आयोवातल्या एका ज्युनिअर संघाने त्याला घेतलं. यातूनच पुढे युनिव्हर्सिटीचे संघ मुलं निवडतात आणि तिथून व्यावसायिक संघ. एका युनिव्हर्सिटीचा कोच त्याच्यावर लक्ष ठेवून आहे. व्यावसायिक खेळाडू व्हायचं, याशिवाय त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही.

इथली पद्धत अशी, की बाहेरगावच्या मुलांना गावातली कुटुंबं आपल्या घरी ठेवून घेतात. कुश कॅरल आणि डेल या जोडप्याकडे राहील. तिथेच जेवेल, तिथूनच शाळेत जाईल. माणसं चांगली आहेत, घरात एक कुत्राही आहे. मी चकल्यांचे चार डबे आणि वरण-आमटीचे गोठवलेले डबे नेले होते. कॅरलने मुकाट्याने फ्रीझरमधलं अर्धं सामान शेजारणीकडे हलवलं. परत येताना रवी म्हणाला, की पोराला सोडायला आलो होतो की बारशाला.

परक्याच्या घरी मूल कसं राहील, याचीच काळजी आहे. त्याला दोन शब्द लिहा. मी फोनवर वाचून दाखवीन.

तुमची,
नंदा


सातारा
२० सप्टेंबर २००४

चि. नंदास,
अनेक आशीर्वाद.

तू इतकी घाबरली आहेस, पण मी पुण्यात शिकलो तो वार लावूनच, हे विसरलीस का? कुशला समजावून सांग. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. सात वार, सात घरं. त्याला तर एकच घर सांभाळायचं आहे, आणि तिथे कुत्रासुद्धा आहे असं कळतं.

चि. कुश, मी तीन नियम पाळले, तू पण पाळ. पानात पडेल ते खावं. आपलं ताट आपण घासावं. आणि आपलं दुखणंखुपणं दुसऱ्याच्या घरी सांगू नये. ज्यांनी आसरा दिला त्यांना काळजी देऊ नये.

या तिन्ही नियमांवर माझी सहा वर्षं निघाली. सर्वांना आशीर्वाद, कॅरल आणि डेल यांना नमस्कार.

बाबा


ईडन प्रेरी
१३ फेब्रुवारी २००५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहू नको, असं रवीने मला दोनदा सांगितलं. तरी लिहिते आहे.

कुशचा डावा पाय मोडला आहे. जानेवारीच्या मध्यात एका मॅचमध्ये त्याने चकती पावलावर घेतली. करंगळीमागच्या हाडाला तडा गेला. तेव्हाच बूट उतरवून दाखवला असता तर सहा आठवड्यांत भरून आलं असतं, असं डॉक्टर म्हणतात. पण कुशने तीन आठवडे कुणालाही सांगितलं नाही. सुजलेल्या पावलावर बूट करकचून बांधून नऊ मॅच खेळला. घरी कॅरलसमोर सरळ चालायचा आणि तिची पाठ वळली की भिंत धरायचा. शेवटी बर्फावर वळता वळता कोसळला. हाड सरकलं होतं. ऑपरेशन करून स्क्रू घातला आहे.

कॅरल रडली. माझ्या छपराखाली पोर लंगडत होतं आणि मला कळलं नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी कुशला विचारलं, की का नाही सांगितलंस. तो म्हणाला, "आजोबांनीच सांगितलं होतं ना, सांगू नये म्हणून."

तुम्हाला दोष देत नाही. तो नियम वाचून दाखवणारी मीच. पण हा सीझन गेला, आणि दर पंधरवड्याला फोन करणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या कोचचा फोन आता येत नाही. पुढे खेळता येईल की नाही, हे सप्टेंबरशिवाय कळणार नाही. हे तुमच्यापासून लपवलं असतं तर मी तरी वेगळं काय केलं असतं?

लोभ आहे तसाच असू द्या. रागवायचं असेल तर मोकळेपणी रागवा.
नंदा


सातारा
१ मार्च २००५

चि. नंदास,
आशीर्वाद.

चार वेळा लिहायला बसलो. कुशला हे शब्दशः वाचून दाखव.

बाळ कुश, मी तुला नियम सांगितले, त्यांचं पुढे काय झालं ते सांगितलं नाही. मॅट्रिकच्या वर्षी मला ताप भरला. सात घरांपैकी कुठेही मी बोललो नाही. समोर येईल ते गिळायचो आणि गल्लीच्या टोकाला जाऊन ओकायचो. बाराव्या दिवशी गुरुवारच्या घरी पाटावरच आडवा झालो. विषमज्वर होता. परीक्षा हुकली, वर्ष गेलं. त्या घरच्या काकूंनी महिनाभर मला ठेवून घेतलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मेल्या, रोज जेवायला वाढते ती मी, आणि ताप तेवढा माझ्यापासून लपवलास?"

मला त्याची लाज वाटली, म्हणून आयुष्यभर ती गोष्ट गाळून उरलेली सांगत आलो. विद्यार्थ्यांना, सुशांतला, आणि तुला. चूक माझी आहे. तिसरा नियम मी रद्द करतो. जिथे जेवतोस तिथे दुखणं सांगायचं.

कॅरलबाईंची माझ्या वतीने माफी माग.

तुझा,
आजोबा


ईडन प्रेरी
२७ नोव्हेंबर २००५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कुश कॅरलकडेच राहून पुन्हा खेळतो आहे. पूर्वीइतका वेग नाही. कोच म्हणतात, की आता तो धावून पोचत नाही, आधीच जाऊन उभा असतो. युनिव्हर्सिटी मात्र गेली ती गेलीच. तो गावातल्या कॉलेजात दोन विषय घेतो आणि संध्याकाळी सराव करतो.

तुमचं पत्र कॅरलने डेलकडून फ्रेम करून घेतलंय. त्यातलं अक्षरही तिला कळत नाही. कुशने केलेलं भाषांतर खाली चिकटवलंय, त्यात विषमज्वराचं 'व्हेरी बॅड फ्लू' झालं आहे.

आम्हा सगळ्यांचा नमस्कार.
नंदा


ईडन प्रेरी
२१ ऑक्टोबर २००७

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कुशने सही केली! टेक्सासमधल्या एका लहान गावचा व्यावसायिक संघ आहे. मोठ्या लीगपासून दोन पायऱ्या खाली, पण पगारी खेळाडू तो खेळाडूच. बाहेर लोक अर्ध्या चड्डीत फिरतात आणि आत हे बर्फावर.

टेक्सासमध्येच फ्रिस्कोला राहणारी माझी मैत्रीण दीपा तीन तास ड्राइव्ह करून पहिली मॅच बघायला गेली. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही. साठ मिनिटं मराठीतून ओरडत होती, की अरे धर त्याला, सोडू नको. पुढच्या रांगेतले लोक तिला कुशची आई समजले आणि तिने ते खोडून काढलं नाही. मी जरा रुसले आहे.

पेढे वाटा, आणि आमचे दोन तुम्ही खा.
नंदा


ईडन प्रेरी
१३ एप्रिल २००८

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सीझन संपला. परवा कुशचा फोन आला आणि पाऊण तास तो नुसता कुरकुरत होता. कंबर धरते. एक दात हलतो. बसचा एसी बंद पडतो. खोलीतला मुलगा मासे जाळतो. कोच त्याला बचावाच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या जोडीत खेळवतात. मी कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं, की रवीने विचारलं, काय बातमी आहे.

मग तो म्हणाला, "आई, मी याच्या वर नाही जाणार. आय नो इट. वरची मुलं वेगळीच असतात यार. पण मला इथे आवडतं. पुढच्या वर्षीही बोलावलंय, मी हो म्हटलं." आणि तुम्हाला नक्की लिहायला सांगितलं, की हे पायामुळे नाही. पाय धड असता तरी तो इथवरच आला असता.

रवीला वाटतं, तुमच्यासाठी म्हणतोय. मला ठरवता येत नाही. पण आवाजात खंत नव्हती, ते मी आई म्हणून सांगते.

तुमची,
नंदा


सातारा
२ मे २००८

चि. नंदास,
आशीर्वाद.

अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. मी सांगतोय, रुपाली लिहितेय.

पायामुळे नाही, हे मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. खरंखोटं तपासणार नाही. तीन वर्षं ते हाड माझ्याच अंगात होतं, ते आज निघालं. तिसऱ्या जोडीच्या डिफेन्समनला माझे आशीर्वाद कळव.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी स्वयंपाकघरात जाऊन रुपालीला सांगितलं, की मला उजव्या डोळ्याने वाचता येत नाही. किती दिवसांपासून, असं तिने विचारलं. दीड वर्ष, म्हटल्यावर तिने गॅस बंद केला आणि खाली बसली. मग जे बोलली ते ती इथे लिहायला तयार नाही. मंगळवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, सुशांतने रजा टाकली आहे. साधी गोष्ट असते, काळजी करू नकोस. केलीस तरी चालेल.

रुपाली म्हणते, कागद अजून बराच उरलाय, आणखी काय काय दुखतंय ते आत्ताच सांगून टाका. बरं, लिही म्हटलं. गुडघ्यापासून सुरुवात करू.