व्याह्यांच्या कोटावरच्या कढीबाबत खुलासा

नंदनवन, नागपूर
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९८४

श्रीयुत शालिकरामजी, मुक्काम सावनेर, यांस चंपतरावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात जोडले तर पत्र कोण लिहून राहिलं, असं जिजाबाईनं आत्ताच स्वयंपाकघरातून विचारलं. तिच्याकडे लक्ष देऊ नये.) आमच्याकडे सर्व खुशाल. माझा गुडघा थंडीची वाट पाहतो आहे आणि जिजाबाईचा आवाज ठणठणीत आहे. तुमचा खोकला उतरला असेल, कौसल्याबाईंची कंबर सरळ झाली असेल आणि तुमचा सरकीच्या तेलाचा घाणा बिनतक्रार फिरत असेल, अशी आशा करतो.

पत्रास कारण की, दिवाळी तोंडावर आली. प्रमोदिनीची लग्नानंतरची ही पहिली दिवाळी. ती आणि जावई कृष्णकांत दोघं दिवाळसणाला आमच्याकडे यावीत, एवढीच या घराची इच्छा. पण लग्नाच्या पंगतीतून उठताना तुम्ही "माह्या घरच्या कोणी या नंदनवनात पुन्हा पाय ठेवला, तं मी नावाचा शालिकराम नाही" असं तीनशे माणसांसमोर बोलून गेलात. म्हणून त्या दिवशी नेमकं काय झालं, ते एका जाणत्या फिटरच्या नजरेतून मांडतो. शांतपणे वाचावं. (शक्य तर जेवणानंतर.)

तुम्हाला ठाऊकच आहे, मी संत्र्याच्या रसाच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण पंप उघडून पाहण्यात झालं. आमच्याकडे पूर्वी पंख्याचे पंप होते. आत पंखा गरगर फिरतो आणि जे येईल त्याला भिरकावतो. संत्र्याची बी त्यात सापडली की तिचा चुरा, आणि बीचा चुरा झाला की रस कडू. शिवाय फिरत्या दांड्याभोवतीची दोरी झिजली की टपटप गळणं सुरू, आणि टाकी रिकामी झाल्याचं कोणाच्या ध्यानात आलं नाही, तर पंप कोरडाच फिरून स्वतःला भाजून घेणार. (अशा स्वभावाची माणसं आपल्या नात्यातही आहेत, नावं घेत नाही.) मग डायफ्राम पंप आला. त्यात ना पंखा, ना मोटर, ना गळायला बाहेर दांडा. दोन डबे, दोहोंत हलगीच्या कातड्यासारखा एकेक रबरी पडदा, आणि दोन्ही पडद्यांना जोडणारी मधे एक सळई. कॉम्प्रेसरची हवा एका पडद्याला ढकलते तेव्हा दुसरा आपोआप ओढतो. मग दुसरा ढकलतो नि पहिला ओढतो. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोन जावाच म्हणा, पण भांडण नसलेल्या. जाड, चिकट, आंबट, गर, बिया, काहीही द्या, हलक्या हातानं पुढे पाठवतो. कोरडा चालला तरी कुरकुर नाही. आणि सगळ्यांत मोठा गुण म्हणजे पुढची तोटी बंद केली की जागच्या जागी थांबतो. फुटत नाही, जळत नाही. तोटी उघडली की पुन्हा कामाला. इतका समजूतदार प्राणी मी त्या कारखान्यात दुसरा पाहिला नाही, मॅनेजरसाहेब धरून.

आता लग्नाकडे येतो. आमचा स्वयंपाक खाली अंगणात आणि पंगत वर गच्चीवर, हे तुम्ही पाहिलंच. जिना लोखंडी, गोल, एका वेळी एकच माणूस मावणारा. आदल्या दिवशी सीमान्तपूजनाच्या जेवणात माझा साळा गणपतराव भाजीची बादली घेऊन चढत होता आणि वरून तुमच्याकडची एक मावशी उतरत होती. मुलीकडचा म्हणून तो वर जाण्याची घाई सोडेना, मुलाकडची म्हणून ती मागे सरेना. पाव तास भाजी अधांतरी. तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला. कारखान्यात एक कोरा डायफ्राम पंप पडून होता, रसाचा थेंबही न लागलेला. मॅनेजरसाहेबांनी एका दिवसापुरता दिला. (कशाला हवा ते त्यांनी विचारलं नाही, मीही मोठेपणा करून सांगितलं नाही.) गरम पाण्यानं तीनदा धुतला, हळदकुंकू वाहिलं. हवेसाठी चौकातल्या पंक्चरवाल्या भैय्याजींचा कॉम्प्रेसर हातगाडीवरून आणला. एक नळी खाली कढीच्या गंजात, दुसरी वर गच्चीवर, तिच्या टोकाला पितळी तोटी. कढीतले वाटल्या डाळीचे गोळे मुद्दाम बोराएवढे वळायला लावले. जिजाबाई म्हणाली, "अवो, कढी वाढाची हाय का आग विझवाची हाय?" पण पहिली पंगत बसली आणि धक् धक्, धक् धक्, प्रत्येक धक्क्याला बरोबर एक ओघराळं कढी गोळ्यांसकट वर येऊ लागली. गल्लीतली माणसं नवरदेव सोडून पंप पाहायला आली. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

दुसऱ्या पंगतीला तुम्ही बसलात. अंगात पांढराशुभ्र कोट. (नवा, हे नंतर कळलं.) व्याह्यांना वाढायचा मान दुसऱ्याला देणार तरी कसा, म्हणून तोटी मी स्वतः धरली. तुम्ही एकदा घेतलीत, दोनदा घेतलीत, मग पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून म्हणालात, "पुरे जी चंपतराव, आता पोट नाही म्हणून राहिलं." मी तोटी बंद केली. खाली पंप शहाण्यासारखा थांबला. इथवर विज्ञानाचं सगळं बरोबर होतं. पण शालिकरामजी, व्याही पुरे म्हणाला आणि मुलीच्या बापानं ऐकलं, असं आपल्याकडे कधी झालं आहे का? ऐकलं असतं तर तुम्हीच सावनेरला जाऊन सांगितलं असतं, नंदनवनवाल्यांनी साधा आग्रहसुद्धा केला नाही. ओघराळ्यानं आग्रह केला तर फार तर एक ओघराळं जास्त पडतं. पण मी बंद तोटी धरून "माझ्या गळ्याची शपथ, चारच गोळे" करत उभा होतो, तेवढ्यात खाली भैय्याजींना वाटलं, पंप थांबला म्हणजे हवा कमी पडली. त्या बिचाऱ्यानं जन्मभर ट्रकची चाकं भरलेली. त्यांनी ट्रकच्या मागच्या चाकाला लागते तेवढी हवा सोडली. पंप तरीही गप्प उभा. (काय हा संयम!) आणि मी तोटी उघडली. थोडीथोडकी नाही, मुलीच्या बापाच्या मनाएवढी उघडली.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कढी तोवर कोमट झाली होती, ही देवाची कृपा. तुम्ही डावीकडे सरलात तर नळी डावीकडे आली, तुम्ही वाकलात तर तीही वाकली. मी तिला धरलं होतं खरं, पण कोण कोणाला धरून आहे हे त्या वेळी सांगणं कठीण होतं. मी ओरडलो, "हवा बंद करा गा!" खालून भैय्याजी म्हणाले, "और दूँ क्या?" मी म्हटलं, "नको, नको!" पण नको म्हणणाऱ्याला आपण काय करतो, हे ते सकाळपासून पाहतच होते.

नंतर तुमचा कोट पुसताना मी गोळे मोजले. कोटावर सात, खिशात एक आणि कानामागे एक, असे नऊ. आणि शालिकरामजी, नऊच्या नऊ अखंड! एकाला तडासुद्धा नाही. पंख्याचा पंप असता तर अंगावर नुसतं वाटलेल्या डाळीचं पिठलं आलं असतं. हे मी आनंदाच्या भरात सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं बोललो, आणि माझा अंदाज असा की तुम्ही उठलात ते तेव्हा.

असो. या दिवाळीत आमच्याकडे सगळं ओघराळ्यानं वाढलं जाईल, याची लेखी हमी देतो. लेकीची खोली जिजाबाईनं दोनदा सारवून ठेवली आहे. रोज संध्याकाळी सावनेरच्या गाडीच्या वेळेला ती दारात जाऊन उभी राहते. विचारलं तर म्हणते, कोथिंबीरवाल्याची वाट पाहून राहिली. आमच्या गल्लीत कोथिंबीरवाला सकाळी येतो. तेव्हा पोरांना पाठवावं, ही पदर पसरून, म्हणजे उपरणं पसरून, विनंती.

तुमचा अपराधी व्याही,
चंपतराव

ता. क. : जिजाबाईनं पत्र वाचलं. तिचं म्हणणं, एवढ्या मजकुरात पंपाची आरती आहे आणि माफीचा शब्द कुठंच नाही. मी पुन्हा वाचून पाहिलं, खरंच नाही. तर माफ करा, शालिकरामजी. चूक पंपाची नव्हती, भैय्याजींचीही नव्हती. माझीच होती.

ता. क. दुसरा : पाकीट घरीच चिकटवलं, त्याची खळ वाळेपर्यंत दोन दिवस गेले आणि आज संध्याकाळच्या गाडीनं प्रमोदिनी आणि कृष्णकांत दारात उभे! तुम्हीच त्यांना गाडीत बसवलंत आणि "मी पाठवलं असं सांगू नका" म्हणालात, हे पोरीनं चप्पल काढायच्या आतच सांगितलं. जिजाबाई रडून राहिली आहे आणि रडता रडता पुरणही वाटून राहिली आहे. तरी वरील विनंती रद्द समजावी. पंपाविषयीचा मजकूर मात्र कायम. तुम्ही आता नवं नाव काय घेतलंत ते कळलं नाही, म्हणून पाकिटावर जुनंच लिहिलं आहे.

ता. क. तिसरा : जावयांच्या तोंडून जेवताना निसटलं की तुमच्या तेलाच्या टाकीच्या तळाशी गाळ साचला आहे, तुमचा पंप त्यात अडकून बसला आहे, आणि तुम्ही रोज टाकीपाशी उभं राहून "चंपतरावाचा थो पंप हे ओढन काय?" असं भिंतीला विचारता. तुम्ही मला विचारलेलं नाही, म्हणून मी उत्तर देत नाही. पण भिंतीला सांगा, ओढतो. मंगळवारी पहिल्या गाडीनं मापं घ्यायला येतो. जेवायला तुमच्याकडेच थांबेन, आणि कौसल्याबाईंना सांगा, वरण माझ्या डोक्यावरून वाढायचं असेल तर मुळीच संकोच करू नये. मी जुना कोट घालून येतो आहे.