ताईचं रक्त, माझं रक्त

४ मार्च

ताई तयार झाली! "थोडं रक्त द्यायचं आणि नवी लस टोचून घ्यायची, बस," एवढंच मी सांगितलं होतं. "चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की तुला असले उद्योग सुचतात," म्हणाली. पण आली. गाडी तिनेच चालवली— आणि वाटेत दिसेल त्याला शिकवणी दिली. ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं, तोंड चालूच आहे.

प्रयोगशाळेतली डॉक्टर आमच्यावर बेहद्द खूश. साठी उलटलेल्या जुळ्या, चेहरा एकच! शिवाय मागच्या मोठ्या साथीत मी वेळेत लस घेतली, ताईला लशीआधीच करोनाने गाठलं. दीड महिना हॉस्पिटलात. मग दोन लशी घेतल्या आणि "आता पुरे" म्हणून मोकळी झाली. फुप्फुसं मात्र अधूच राहिली. जिना चढताना मध्येच थांबते आणि भिंतीचा रंग न्याहाळत असल्याचं दाखवते.

करोनाचा नवा विषाणू पसरतोय. म्हणून तिला इथे आणलं. मला भीती वाटते— हे तिला सांगितलं नाही.

५ मार्च

दंड ठणकतोय. ताईचा फोन— "माझा नाही बाई दुखत." खोटारडी!

२६ मार्च

आज पुन्हा रक्त घेतलं. ताईने डॉक्टरला धरलंच. "विषाणू रूप बदलतो, मग जुन्या लशींचा उपयोग काय?"

"मावशी, शरीर नव्यालाही जुन्या ओळखीनेच बघतं. कधी त्यात फसतंही. पण नवी लस मिळाली की ती ओळख घासूनपुसून निघते. मग जुन्या-नव्या विषाणूंत जे सारखं असतं, ते बरोबर पकडतं."

"म्हणजे ही केस रंगवून आली तरी मी ओळखते, तसं?"

डॉक्टर हसली. "तसंच. पण कुणाचं शरीर किती ओळखतं, ते तपासल्यावरच कळेल."

मी केस रंगवत नाही. फारसे.

३१ मार्च

ताप. चाचणी केली— दोन रेघा. ताईला फोनवर बजावलं, इकडे फिरकायचं नाही.

संध्याकाळी दारात ताई! मास्क, हातात सूपचा डबा.

"अगं, तुझी फुप्फुसं—"

"माझी आहेत ना? मग मी बघेन."

मी ओरडले, रडले. खिडक्या उघड म्हटलं, तेवढं ऐकलं.

१ एप्रिल

ती खोकली की मी उठून बसते. दिवसभर तिच्याच बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावत होते. "आजारी नक्की कोण आहे?" म्हणाली.

४ एप्रिल

ताप उतरला. ताई ठणठणीत! माझं कपाट उपसून सगळ्या घड्या नव्याने घातल्या. वर— "तुला आईने काही वळण लावलंच नाही." आई काय दोन होत्या?

तरी धाकधूक आहेच. तिला अजूनही होऊ शकतो.

११ एप्रिल

दुकानात डॉक्टरचा फोन. दोघींच्या रक्ताने नव्या विषाणूला चांगलं अडवलं. मग म्हणाली, "ताईंच्या २६ तारखेच्या रक्तात ताज्या संसर्गाच्या खुणा आहेत. ४ तारखेच्या रक्तात त्या नव्हत्या, आणि लशीने त्या येत नाहीत. मार्चमध्येच करोना येऊन गेला त्यांना."

ताईला विचारलं. "हो? दोन दिवस नाक वाहत होतं जरा."

या वेळी नुसतं नाक!

गिऱ्हाईकासमोर ढसाढसा रडले.