काटे काढलेली करवत

प्रिय श्याम,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. पण आपल्या घरांत पत्र असंच सुरू करतात, म्हणून लिहिलं. फोन करता आला असता. पण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकतो, हे शाळेपासूनचं आहे. कागदावर तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

आम्ही अजून बागबाजारातच आहोत, त्याच घरात, फक्त वरच्या मजल्यावरून खाली आलो. लीना तिच्या शाळेत शिकवायला जाते, मी घरी मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवतो. नकली पायाची सवय झाली आहे. पावसाळ्यात घामाने आत फोड येतात, तेवढे दिवस कुबड्या घेतो. तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवतो. तुझी कंपनी वाढली, निम्म्या न्यू टाउनची झाडं आता तूच सांभाळतोस, हे मराठी मंडळाच्या गणपतीत लोक आवर्जून माझ्या कानावर घालतात. तुझी गाडी फाटकाशी दिसली की मी आरतीला थांबत नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल.

कॉलेजातली नोकरी सोडून मी तुझ्याबरोबर आलो तेव्हा लीना महिनाभर माझ्याशी धड बोलली नव्हती. मला मात्र मजा वाटत होती. गिऱ्हाईक तू आणायचास, झाडं मी बघायचो, आणि बंगाली कामगारांसमोर आपण मराठीत भांडायचो, कारण कोणाला कळायचं नाही. पहिली मोठी चेनसॉ आली तो दिवस आठवतो? साखळी फिरते त्या पट्टीच्या मुळाशी, यंत्राच्या तोंडावर बसवलेल्या लोखंडी काट्यांवरून बोट फिरवत तू म्हणालास, “भालू, हे मगरीचे दात कशाला?” खिदिरपूरच्या लाकडाच्या वखारीत मी तुला एका जाड ओंडक्यावर करून दाखवलं. काटे सालीत रुतवायचे आणि मागची मूठ हळूहळू वर उचलायची. काटे जागच्या जागी धरून ठेवतात, पट्टी त्यांच्याभोवती फिरत खाली उतरते, साखळी स्वतःच लाकूड खात जाते. आपण जोर लावायचा नसतो. तू स्वतः कापून पाहिलंस आणि पोरासारखा ओरडलास, “अरे, लोण्यात सुरी!”

मग सोसायट्यांची कामं आली. तिथे फक्त फांद्या छाटायच्या. बारीक फांद्यांत त्या काट्यांचा उपयोग नाही, उलट ते अडकतात. एका सेक्रेटरीने उभ्या बुंध्यावर ओरखडे दिसतात म्हणून तक्रार केली आणि तू सगळ्या यंत्रांचे काटे उतरवायला सांगितलंस. छोट्या यंत्रांचं मलाही पटलं. मोठ्याचे राहू देत, म्हणून मी दोनदा सांगितलं. जाड खोड, राठ साल समोर आली तर लागतील, असंही म्हणालो. तू म्हणालास, “सोसायटीत कुठलं आलंय जाड खोड?”

त्यानंतर अम्फानचं वादळ आलं. दुसऱ्या दिवशी शहर ओळखू येत नव्हतं. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी ते जुनं शिरीषाचं झाड आडवं पडलं होतं, दोघांच्या कवेत मावणार नाही असं. आत वीज नाही, पाणी नाही, त्यात लॉकडाउन. दुपारपर्यंत गल्ली मोकळी करतो, असं तू नगरसेवकाला सांगून बसला होतास. मी मोठं यंत्र उचललं आणि तुला विचारलं, काटे कुठे आहेत? तू म्हणालास, “न्यू टाउनला, गोदामात. रस्ते बंद आहेत, आता कुठे आणायला जातोस? असंच काप.” उद्या आणून कापू, मी म्हणालो. “उद्या दुसरा कोणीतरी कापेल, भालू. आपल्याच गल्लीत आपली शोभा?” ‘आपल्याच’ हा शब्द तू कुठे वापरायचा ते तुला नेहमीच कळतं.

काट्यांशिवाय एवढं खोड कापायचं म्हणजे काय, ते तू कधी केलेलं नाहीस. साखळी यंत्राला पुढे ओढते, हिसके बसतात, धरून ठेवायला काही नाही. तेव्हा माणूस हातांनी दाबतो, मग खांद्यांनी, मग सगळं अंग टाकतो. मी टाकलं. खोड अचानक सुटलं, यंत्र माझ्या भाराने तसंच खाली आलं आणि डाव्या पायात शिरलं.

तू मला सोडून पळाला नाहीस, हे मी विसरलेलो नाही. ॲम्ब्युलन्स येईना, तेव्हा मला सायकल-व्हॅनवर घालून पडलेल्या झाडांमधून वाट काढत तू हॉस्पिटलात नेलंस. माझं डोकं तुझ्या मांडीवर होतं आणि तू रडत होतास. ते रडणं खरं होतं. म्हणूनच पुढचं इतकं लागलं. गुडघ्याखालचा पाय काढला त्या दिवशी वॉर्डच्या दारात उभा राहून तू लीनाला म्हणालास, “वहिनी, मी त्याला सांगत होतो, एवढा जोर लावू नकोस. ऐकलं नाही त्याने.” मी जागा होतो, श्याम. नंतर चौकशीला आलेल्या साहेबांनाही तू तेच सांगितलंस, आणि मंडळातही. मी गप्प राहिलो. वाटलं, घाबरला आहे, निवळला की येईल आणि निदान मला एकट्याला तरी खरं बोलेल. दोन वर्षं मी दाराची कडी वाजली की तुझाच विचार करायचो. मग सोडून दिलं. आणि तुझं वाक्य तसं खोटंही नव्हतं. जोर लावलाच होता मी. का लावावा लागला, एवढंच तू गाळलंस.

हे उकरून काढायला मी पत्र लिहिलं नसतं. पण परवाच्या वादळात घाटाकडच्या रस्त्यावर पिंपळ पडला, तो बघायला मी काठी टेकत गेलो होतो. तुझी माणसं तिथे होती आणि मोठं यंत्र तुझ्या शर्वरीच्या हातात होतं. मला पाहून ती धावत आली, वाकून नमस्कार केला. मी यंत्राकडे बघितलं. तोंडाशी बोल्टांची दोन भोकं होती, रिकामी. मी म्हटलं, बाळ, याचे काटे? ती हसून तिच्या त्या बंगाली वळणाच्या मराठीत म्हणाली, “भालूकाका, तू भिऊ नको. बाबा मला सगळं सांगितलाय. तू खूप जोर दिला ना, म्हणून तुझा पाय गेला. मी जोर नाही देणार.” तुझ्या माणसांसमोर, तिच्या बापाला खोटं पाडायला माझी जीभ रेटली नाही. पिंपळ आज हातकरवतीने काप, मोठं यंत्र बंद ठेव, एवढं मात्र मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिने माझं ऐकलं, माझा पाय बघून. रविवारी मी तुझ्या घरी येतो आहे. त्याआधी काटे बसव आणि ते का बसवले हे तिला तू सांग, तुझ्या तोंडाने. नाहीतर मी सांगेन, आणि काही गाळणार नाही.

तुझाच म्हणत होतो इतकी वर्षं, आज नुसताच
भालचंद्र