पंधरा फेब्रुवारीच्या आत

अल मनखूल, दुबई
२० जानेवारी २०२६

चि. अर्चनास अ. उ. आ.

इकडे सगळे खुशाल, माझा गुडघा सोडून. त्याची खुशाली तो स्वतःच दर पायरीला कळवतो. फोन केला की तू ऐकायचं यंत्र काढून बसलेली असतेस. मी ओरडलो तर शेजारच्या फ्लॅटमधला वसईचा नेल्सन काय झालं म्हणून धावत येतो. त्यापेक्षा आपला कागद बरा. नेहमीसारखा अस्मी याचा फोटो काढून तुझ्या नातवाच्या फोनवर पाठवील. पोरगी काम करते, पण 'आजोबा, व्हाय डोन्ट यू जस्ट टाइप' असं दर वेळी विचारते.

ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी या शनिवारी जयने मला उम्म अल कुवैनला नेलं. तिथल्या शेतावर माझा एक लांबट वाफा आहे, हे तुला ठाऊक आहेच. शहरातल्या वीस-पंचवीस कुटुंबांना तिथे असे वाफे वापरायला दिलेत. मला वाटलं होतं, सगळं वाळून गेलं असेल. जाऊन बघतो तर मुळे कमरेएवढे वाढून फुलले होते, पांढऱ्यावर जांभळी झाक. कोथिंबिरीवर बारीक छत्र्या, त्यांवर मधमाश्या. मेथी कुठे संपते आणि गवत कुठे सुरू होतं, ते मेथीलाही सांगता आलं नसतं. पाचवीत गुरुजी टेबलावर छडीने ताल धरून कविता म्हणवून घ्यायचे तेव्हा खिडकीतून जे दिसायचं, ते हेच. मी काठी टेकून बघत राहिलो.

तेवढ्यात हाफिजाबाई आल्या. शेताचा सगळा कारभार त्यांच्याकडे. हैदराबादच्या, हातात कायम फॉर्मची पाटी. म्हणाल्या की अंकल, बहुत खूबसूरत है, मगर ये खेत है, गुलदस्ता नहीं. रमजान लागायच्या आत, पंधरा फेब्रुवारीला, त्या सगळे वाफे तपासणार. थंडीचं पीक काढलेलं हवं आणि उन्हाळ्याचं पेरलेलं मातीवर दिसायला हवं. नाही तर वाफा पुढच्या कुटुंबाला. अकरा कुटुंबं थांबली आहेत.

परतताना गाडीत जय म्हणाला, बाबा, खलास करू या आता. तुमचा गुडघा, माझं ऑफिस, जायला-यायला दोन तास. चुकीचं काही बोलला नाही तो. पण अर्चू, तुझी वहिनी गेल्यापासून मी चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत बसून पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर पाठ केलेत. वाफा गेला तर माझ्या आठवड्यात शनिवारच उरणार नाही.

लोभ आहेच, त्याला वरचेवर पाणी घालत जा.
तुझा दादा


वाई
२२ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा राग. मुळे फुलेपर्यंत बघत काय बसलास? निदान मुळ्याच्या शेंगा, डिंगऱ्या तरी खुडायच्या होत्यास, दोन वेळची भाजी झाली असती. लहानपणी आबांनी तुला परसातल्या वांग्यांची राखण दिली होती, तेव्हाही तू फुलपाखरं मोजत होतास आणि वांगी शेळीने खाल्ली.

आता ऐक. इर्जिक घाल. विसरलास का? आबांचा पाय मोडला त्या वर्षी आख्खी आळी औतं घेऊन आपल्या रानात आली होती. दिवसभरात नांगरट उरकली. कुणी पैसा घेतला नाही, आईने फक्त पोटभर जेवायला घातलं. तू तेव्हा आठवीत होतास, पाणी वाढत होतास. तसंच करायचं. नेल्सनला बोलव, हमरियाच्या कंपनीत तुझ्या हाताखाली स्टोअरला होता त्या दत्तारामला बोलव. एकोणतीस वर्षं तिथे नोकरी केलीस, चार माणसं जोडली असशीलच.

तुझी अडचण मला माहीत आहे. तुला मागता येत नाही. दुसऱ्याचं ओझं उचलायला तू पुढे, स्वतःची पिशवी कुणी धरली की कसनुसा होतोस. हा चांगुलपणा नव्हे दादा, हा शुद्ध ताठा आहे. धाकटी असून बोलते, रागावलास तर तिकडेच रागाव.

आणि जयला सांग, आत्या विचारते, जिमला तुला शनिवार बरा सापडतो रे? दिवाळीला पाठवलेल्या बियांच्या पुड्या जपून ठेवल्या आहेस ना? भेंडी, गवार, चवळी आणि कलिंगड. कॅलेंडरच्या कागदात बांधून वर पेन्सिलने नावं घातली आहेत.

मायेत अंतर पडू देऊ नकोस, गुडघ्याला तेल चोळ.
तुझी अर्चू


अल मनखूल
१ फेब्रुवारी

चि. अर्चनास आशीर्वाद, आज नेहमीपेक्षा जास्त, कारण गुन्हा कबूल करायचा आहे.

काल इर्जिक झाली! नेल्सनला विचारायला तीन दिवस लागले. त्याच्या दारापर्यंत जायचो आणि मीठ मागून परत यायचो. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने, करेननेच विचारलं, अंकल, इतक्या मिठाचं करता काय? तेव्हा एका दमात सगळं बोलून टाकलं. दत्तारामला फोन केला, तर तो म्हणाला, साहेब, निघायचं कधी तेवढं सांगा. जयला तुझा निरोप जसाच्या तसा वाचून दाखवला. तो हसला नाही. पण सकाळी सहाला गाडीची चावी घेऊन तोच दारात उभा होता.

काय दिवस होता, अर्चू! दत्तारामने मुळे उपटले, नेल्सनने वेलांचा जुना मांडव उतरवला. अस्मीने पाचोळा भरता भरता गांडूळ पाहिलं आणि ते आख्ख्या शेताला ऐकू गेलं. जयने फोनवर व्हिडिओ बघून वाफ्याच्या कडेचं अंजीर छाटलं. इतकं छाटलं की ते झाड आता छत्रीच्या काडीसारखं दिसतं. तरी फांदी कापण्याआधी तो दर वेळी मला विचारत होता. बारापर्यंत माती मोकळी, शेणखत मिसळलेलं, सऱ्या पाडलेल्या.

सूनबाईने, इशिताने ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ आणि ठेचा आणला होता. करेनने तळलेले मऊ, पोकळ पाव आणले, त्यांना ती फुगे म्हणते. हाफिजाबाईंनाही बसवलं. त्या म्हणाल्या, ये इर्जिक हर हफ्ते रखिए.

आता गुन्हा. जेवण झाल्यावर फक्त बी टोकायचं राहिलं होतं. मी सहज एक शाळेतली कविता पुटपुटलो. मागून नेल्सनने दुसरी ओळ पुरी केली! वसईच्या मराठी शाळेत त्यालाही तेच पुस्तक होतं. मग काय! एक मी, एक त्याने. चाल वेगळी, शब्द तेच. एका कवितेवरून तर भांडण झालं, ती पाचवीला होती की सहावीला. दोघं सऱ्यांच्या मधोमध उभे राहून आख्खं पुस्तक संपवलं. ऊन कलल्यावर सगळे टाळ्या वाजवून गाडीत बसले. प्रत्येकाला वाटलं, बी दुसऱ्याने टोकलं.

पुड्या माझ्या सदऱ्याच्या खिशात होत्या. सदरा मातीने भरलेला, म्हणून इशिताने रात्री तो मशीनमध्ये टाकला. सकाळी मशीनच्या तळाशी कागदाचा लगदा, आणि भेंडी, गवार, चवळी, कलिंगड सगळ्यांची मिसळ. सुना रागावतात म्हणतात, ही बिचारी रडायलाच आली. मी तिला म्हटलं, पोरी, तू धुतलंस, विसरलो मी.

उरले चौदा दिवस. जय दुकानातून नवीन पाकीट आणतो म्हणतोय. तुझं बी फेकवत नाही. काय करू? लवकर लिही.

तुझी माया आणि अक्कल, दोन्ही हवी आहेत.
गुन्हेगार दादा


वाई
१ फेब्रुवारी, संध्याकाळ

ती. दादास नमस्कार. बाकीचं शिष्टाचाराचं नंतर.

हसून हसून पोट दुखलं. नातवाला वाटलं मला काही तरी झालंय. अरे वेड्या, भेंडीचं बी मी दर वर्षी रात्रभर कोमट पाण्यात भिजवते! इशिताने तेच केलं, फक्त साबण घातला. तिला विचार, पाणी उकळतं होतं का? कोमट असेल तर बी मेलेलं नाही. स्वच्छ पाण्याने तीनदा धू, ओल्या फडक्यात गुंडाळ आणि उद्याच टोक. वाळू देऊ नकोस. जातवार निवडत बसू नकोस, तुला निवडता निवडता कविता सुचेल. आहे तसं सरळ रेघेत लाव, वीतभर अंतर ठेवून.

उगवलं नाही तर? विचारशीलच, म्हणून सांगते. मग वाफा जाईल आणि तू ते मला लिहिशील. बाल्कनीत मात्र बसायचं नाही. आता तुला मागता येतं.

जयला उद्या ऑफिसात उशीर चालेल का, ते त्याला विचार. ठरवून टाकू नकोस, विचार.

बाकी प्रेम पुढच्या पत्रात सविस्तर.
अर्चू


अल मनखूल
१६ फेब्रुवारी २०२६

चि. अर्चनास अनेक आशीर्वाद, वि. वि. हे की बातमी मोठी आहे, बसून वाच.

जयला विचारलं. त्याने साहेबांना फोन करून अर्धा दिवस मागून घेतला. मला ओणवं होता येत नाही, म्हणून काठीने मी रेघ मारत गेलो आणि मागून तो बी टोकत आला. त्याच्या लहानपणी मी पाटीवर अक्षर काढून द्यायचो आणि तो गिरवायचा, तसंच. असं त्याला म्हणालो, तर म्हणाला, बाबा, रेघ वाकडी जातेय.

पहिले आठ दिवस काही नाही. नववा दिवस, नाही. जय रोज ऑफिसातून शेतावरच्या माणसाला फोन करायचा, माझ्यापासून लपवून. मला इशिताने सांगितलं. अकराव्या दिवशी, गुरुवारी, त्या माणसाने फोटो पाठवला. माती तडकली होती, आणि त्या फटीतून वाकलेल्या मानेचे कोंब! जयने तो फोटो मीटिंगमध्ये पाहिला आणि मोठ्याने 'यस' म्हणाला. मीटिंग पगारकपातीबद्दल चालली होती म्हणे.

काल हाफिजाबाई आल्या. वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. चार ठिकाणी बसून बघितलं. बी सगळं उगवलेलं नाही, मध्ये मध्ये पुष्कळ रिकाम्या जागा. फॉर्मवर पिकाचं नाव लिहायचं होतं. विचारलं, ये क्या है अंकल? मी म्हणालो, मालूम नहीं. ये वाला? तो भी मालूम नहीं. पत्ते बड़े होंगे तब बताऊँगा. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग हसल्या, म्हणाल्या की उग तो रहा है ना, नाम बाद में रख लेंगे. आणि पुढच्या वर्षापर्यंतची सही केली.

मी माझी सही करायला गेलो, तर जयने पेन मागितलं. त्या फॉर्मवर दुसऱ्या माणसाच्या नावाचीही जागा असते. मी वर्षानुवर्षं ती कोरी ठेवत आलो होतो. त्याने तिथे स्वतःचं नाव लिहिलं. मी पेन परत घेऊन माझी सही केली. बोललो असतो तर कवितेसारखं काहीतरी झालं असतं, आणि ते त्याला आवडत नाही.

मग तो रिकाम्या जागांत दुकानातून आणलेल्या पाकिटातली चवळी लावू लागला. पुन्हा पाणी, पुन्हा माती सारखी करणं. एक कोंब कलंडला होता, त्याला हाताने आधार देत बसला. मी उलट्या क्रेटवर. सूर्य समुद्राकडे गेला, बाकीची कुटुंबं निघाली, इशिताचे दोन फोन येऊन गेले. हा उठेचना. एवढीच ओळ, बाबा, असं तीनदा म्हणाला.

शेवटी मीच ओरडलो, यल्ला, जय, घरी चल.

चवळीला शेंगा धरल्या की कळवीन, तू नावं ठेवायला तयार राहा.
तुझा दादा